मी 'कॅरी', मुक्काम बोळिंज

मी 'कॅरी' बोलतोय. हो, तोच, भाजीवाल्याकडे तुम्ही मागता त्या 'कॅरी बॅग'मधला. पण मला पिशवी समजू नका. मी अस्सल इंग्रजी क्रियापद आहे आणि माझं घराणं चाकांचं आहे.

फार जुन्या काळी रोमन लोक ओझ्याच्या गाडीला 'कार्रुस' म्हणत. तिच्याच वंशात, फ्रान्सच्या उत्तरेला, माझा जन्म झाला. तेव्हा माझा अर्थ एवढाच होता, गाडीत घालून नेणे. पुढे मी इंग्लंडात गेलो आणि लोकांनी मला जे जुंपलं ते कायमचं. पोर उचलायचं, बोलवा मला. निरोप पोचवायचा, बोलवा मला. बाई पोटुशी असली तरी मीच, आणि साथीचा रोग पसरला तरी नाव माझंच. तुमच्या मराठीत कडेवर वेगळं, पाठुंगळीला वेगळं, डोक्यावर वेगळं. मी एकटा सगळीकडे राबतो. मोटारीची कार, जहाजाचा कार्गो आणि तुम्ही ज्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावता ते करिअर, ही सगळी माझीच भावंडं. करिअरला भाव मिळतो, मला नाही. असो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बोळिंजच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलो, दुसरीतल्या आर्याच्या गणिताच्या पुस्तकातून. शाळा अर्थात इंग्रजी माध्यमाची. घरात तिचे आई-वडील, विनिता आणि कौस्तुभ, आणि कौस्तुभचे वडील शांताराम आजोबा. आजोबा राजापूर डेपोचे एसटी कंडक्टर. निवृत्त झाले, पण एसटीचं वेड सुटेना. रोज सकाळी काही काम नसताना बसने आगाशीला जायचे, बाजारात सालोमीकडून पालेभाजी घ्यायचे आणि पुढच्या बसने परत. सालोमी विचारायची, "आजोबा, रोज रोज पानी पडो का ऊन पडो, तुमी येताच कसे?" आजोबा म्हणायचे, "ड्युटी आहे."

दिवसभर फ्लॅटमध्ये त्यांना करमायचं नाही. त्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा संध्याकाळी, आर्याचा अभ्यास घेताना. आणि नेमका तिथेच मी कडमडलो.

"पाच लिही, हातचा एक," आजोबा म्हणाले.

"हातचा नाही हो आजोबा, कॅरी म्हणतात. टीचर ओरडतात."

विनिता नुकतीच ऑफिसातून आली होती. "बाबा, राहू द्या. शाळेची पद्धत वेगळी असते, ती गोंधळते. पुढच्या महिन्यापासून तिला क्लासच लावते."

बोलण्यात राग नव्हता, नुसता दमलेपणा होता. आजोबा 'बरं' म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून बॅग काढली. मंगळवारी गावी जातो म्हणाले. परत कधी, असं कौस्तुभने विचारलं तेव्हा "बघू" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी घरातलं माणूस उठून चाललं होतं.

सोमवारी आर्याची गणिताची चाचणी. रविवारी ती सत्तेचाळीस आणि अडतीसची बेरीज घेऊन बसली. उत्तर आलं पंच्याहत्तर. खोडलं, पुन्हा पंच्याहत्तर. मग डोळ्यांतून पाणी. विनिता शेजारी मटार सोलत होती, तीही आता चिडायच्या बेतात.

आजोबांना राहवेना. "असं काय गो रडतेस? सात आणि आठ पॅसेंजर आण बघू." त्यांनी मटाराचे पंधरा दाणे मोजून घेतले आणि साबणाचा रिकामा डबा पुढे केला. "ही आपली गाडी. सीटा दहाच. बसव सगळ्यांना."

आर्याने दहा दाणे बसवले. पाच खाली राहिले.

"ते पाच इथेच थांबतील. गाडी भरली, आता?"

"सोडायची."

आजोबांनी पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. "डबल बेल. गाडी निघाली दशकाच्या स्टँडवर. तिथे आधी चार उभ्या आहेत, तीन आल्यात, आणि ही?"

"आठ!" आर्या पाटीसारखी स्वच्छ हसली. "म्हणजे पंच्याऐंशी. माझी गाडी रस्त्यातच राहिली होती."

"दहा माणसं वाटेत उतरवलीस. घरचे वाट बघत असतील की."

विनिताला हसू आवरेना. आणि मी? मी साबणाच्या डब्यात बसून नाचत होतो. आजोबांना ना लॅटिन ठाऊक, ना फ्रेंच, तरी त्या माणसाने मला थेट माझ्या आईच्या, त्या जुन्या गाडीच्या, मांडीवर नेऊन बसवलं. त्या रात्री जेवणाआधी घरभर गाड्या सुटत होत्या. शंभराचं काय करायचं, असं विनितानेच विचारलं. दहा गाड्या झाल्या की डेपो, आजोबा म्हणाले.

सोमवारी आर्या शाळेतून आली ती चपला न काढता. "आजोबा, एकही चुकली नाही. उद्यापासून वजाबाकीतलं बॉरो शिकवणार."

"ते काय असतं?"

"मला काय माहीत? तुम्हीच सांगणार ना?"

आजोबांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. संध्याकाळी विनिता ऑफिसातून आली, सगळं ऐकलं, पर्स ठेवली आणि ती बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. "तुमची उद्याची गाडी रद्द झाली, बाबा," ती म्हणाली. "येताना क्लासवाल्यांना मी 'नको' सांगून आले."

तर मंडळी, मला हवं तिथे जुंपा, कुरकुर करणार नाही. पण आपल्या माणसाची बॅग दाराबाहेर न्यायला मला बोलावू नका. तेवढं एक ओझं मला पेलत नाही.