जिन्याखालच्या खोलीतली जाऊ

धाकट्या जावेला शाळेत आणलं ते विज्ञानाच्या बाईंनीच. "मुलांचं मन जाणून घेणारं कोणीतरी हवंय," असं मुख्याध्यापक म्हणाले, तेव्हा बाई पटकन बोलून गेल्या, "आमची जाऊ शिकलीय त्यातलं. घरीच असते." आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे कळायला त्यांना पहिली चाचणी उजाडावी लागली.

जावेला जिन्याखालची खोली मिळाली. तिथले मोडके बाक तिने बाहेर काढले, दोन खुर्च्या टाकल्या, आणि मधल्या सुट्टीत दाराशी मुलं घुटमळू लागली. तिचं नाव पडलं गप्पाबाई. विज्ञानाच्या बाईंना मुलं सूत्रबाई म्हणत. इतकी वर्षं ते नाव त्यांना मिरवावंसं वाटायचं. आता कानाला टोचू लागलं.

"करते काय ती? नुसतं हं हं," बाई शिक्षकखोलीत म्हणाल्या. "त्याचा पगार मिळणार असेल तर मीही मान डोलवायला तयार आहे."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण आतली जळजळ काही कमी झाली नाही.

त्यात चष्मिशची भर पडली. नववीतली ही मुलगी म्हणजे बाईंच्या हाताखाली तयार झालेली. सहावीपासून तिला त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलं होतं म्हणा ना. विज्ञान स्पर्धा तोंडावर आली होती आणि ही मात्र शाळा सुटल्यावरच्या सरावाला रोज नवं कारण काढायची. एक दिवस बाईंनी तिला जिन्याखालच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. डोळे रडून लाल, आणि तरी हसत होती. आपल्यासमोर ती अशी शेवटची कधी हसली, हे बाईंना आठवेना.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी विषय काढलाच.

"ती चष्मिश काय सांगते गं तुला?"

जाऊ भाजी चिरत होती. "ताई, ते मला नाही सांगता येणार."

"मी काय परकी आहे? तू यायच्या आधीपासून ओळखते मी तिला."

"मग तिलाच विचारा ना," जाऊ हळूच म्हणाली.

तिने तडकून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. त्या मऊ बोलण्यानेच बाईंचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. गप्पांपायी मुलांचे तास बुडतात, ती खोली शाळा सुटल्यावरच उघडावी, असं त्यांनी सुचवलं. मुख्याध्यापकांना पटलं. शाळा सुटल्यावर चष्मिशचा सराव असतो, हे बाईंच्या ध्यानात नव्हतं असं नाही.

चष्मिश सरावाला आली. उपकरणं मांडू लागली. स्टँडला लावताना काचेची नळी निसटली आणि फरशीवर पडून फुटली. ती काचा वेचायला खाली बसली ती उठेचना.

"अगं, असू दे. चिमटा सैल धरलास तू. आधी स्क्रू..." एवढं बोलून बाई थांबल्या. पोरगी हुंदके देत होती. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. तिच्याबरोबर एकेक काच वेचू लागल्या.

काचा वेचून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, मला नाही जायचं स्पर्धेला. झोपच लागत नाही मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्हाला कसं सांगायचं, तेच विचारायला जायचे मी गप्पाबाईंकडे. आता तेही बंद झालं."

 इतके दिवस त्या खोलीत बाईंविषयीच बोलणं चाललं होतं, आणि दाराला कुलूप लावलं होतं त्यांनीच. पोरीला आपली एवढी भीती वाटते याची त्यांना लाज वाटली. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती झुरत होती, याने जरासं सुखही वाटलं. त्या सुखाचीही मग लाज वाटली.

"नको जाऊस," त्या म्हणाल्या. "मी सांगते मुख्याध्यापकांना."

शनिवारी शिक्षकांची बैठक असायची. आठवड्यात आपलं कुठे चुकलं, ते ज्याने त्याने बोलायचं, ही जावेचीच कल्पना. बाई एरवी "अभ्यासक्रम मागे पडलाय" एवढं म्हणून सुटायच्या. त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं, मुख्याध्यापकांकडे केलेल्या तक्रारीसकट. जावेकडे मात्र बघवलं नाही.

 जावेने चहाचा एक कप बाईंपुढे सरकवला.

जिन्याखालची खोली पुन्हा मधल्या सुट्टीत उघडू लागली. स्पर्धेला दुसरी मुलगी गेली. चष्मिश अधूनमधून प्रयोगशाळेत येते, नुसती बसते. तिच्यासमोर गप्प राहणं बाईंना पूर्ण तास शिकवण्यापेक्षा अवघड जातं. इथे जाऊ असती तर आता हिला काय विचारलं असतं तिने, असं मनात येतं, आणि बाईंना पुन्हा तिचा हेवा वाटतो.