पंख्यामागचा पिवळा दोरा

तळं अजून मोकळं होतं, पण फार दिवस राहणार नव्हतं. पहाटे लव्हाळ्यांच्या मुळाशी काचेसारखा पापुद्रा धरायचा, दुपारी विरायचा, आणि रोज थोडा उशिरा विरायचा.

हौकीनिएमीच्या काठावर रायली होडीपाशी गुडघे टेकून बसली होती. परवाच साऱ्या वस्तीने मिळून होड्या ओंडक्यांवरून वर ओढल्या होत्या. हिवाळ्याआधी इंजिनाचं तेल बदलायचं, त्याचा पाण्यातला पंखा उतरवून दांड्याला ग्रीस चोपडायचं, मग सगळं झाकून ठेवायचं, हे काम तिच्या नवऱ्याचं, ताइस्तोचं. यंदा तो म्हणाला, पाठ धरलीय. दाराबाहेर पडता पडता मागून म्हणाला, "तेल तेवढं बदल. पंख्याला हात लावू नकोस. ठीक आहे तो."

चाळीस वर्षांत पंखा न उतरवता त्याने होडी झाकली नव्हती.

"नवऱ्याला पांघरुणात ठेवून बायकोने नटबोल्ट फिरवायचे. बरं चाललंय तुमचं." शेजारची ऑर्वोक्की कॉफीचा थर्मास घेऊन पायवाटेने उतरत होती.

"पाठ धरलीय त्याची."

"धरायचीच. आमच्या काउकोची दर शनिवारी धरायची, लाकडं फोडायच्या वेळी." ती हसली, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं. तिच्या नवऱ्याला, काउकोला जाऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळच्या धुक्यात तो जाळं काढायला वल्ह्याच्या होडीतून गेला, आणि होडी पलीकडच्या लव्हाळ्यांत पालथी सापडली. तो नाही, जाळंही नाही.

ऑर्वोक्कीने कॉफी ओतली. "पाणबुडे आज शेवटचे. उद्यापासून नाही म्हणाले. बेटामागची सगळी जागा चाळून झाली."

रायलीने ऑर्वोक्कीच्या बोटांकडे पाहिलं. हळदीसारखी पिवळी, भूर्जाच्या पानांच्या रंगाने माखलेली. इथे प्रत्येक घर जाळ्याच्या वरच्या दोरीत आपल्या रंगाची लोकर पिळतं. रायलीच्या घरची तांबडी, ऑर्वोक्कीच्या घरची पिवळी.

"अजून रंगवतेस?"

"हात थांबत नाहीत. आई जाळं विणताना म्हणायची ना,

*दोऱ्यांनो दोऱ्यांनो, खोल खोल जा,*
*गेल्या माणसा घरी घेऊन या.*

बर्फ धरायच्या आत वर आला तर त्याला मातीत पुरता येईल. नाहीतर मे महिन्यापर्यंत रोज खिडकीतून त्याच बर्फाकडे बघायचं. कुठल्या जागेकडे बघू, तेही माहीत नाही मला."

ती गेली. थर्मास तिथेच राहिला.

रायलीने इंजिनाच्या खालच्या पेटीचा स्क्रू सैल केला. तेल काळसर यायला हवं होतं. आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं. आत पाणी शिरलं होतं. पाणी शिरतं ते दांड्याभोवतीचं रबरी सील फाटलं की, आणि सील फाटतं ते पंख्यामागे काही गुंडाळलं गेलं की. तसंच ठेवलं तर पहिल्या कडाक्यात आतलं पाणी गोठून पेटी तडकणार. पंखा उतरवायलाच हवा होता.

पिन काढली, नट फिरवला. पंखा तिच्या मांडीवर आला. एका पात्याची कड दुमडलेली होती. मागे दांड्याला दोरी आवळून बसली होती, दगडासारखी घट्ट. तिने चाकूने कापत कापत ती सोडवली. वरून नुसती काळी होती. आतला पदर निघाला तो पिवळा.

तिने चाकू पुसून ठेवला. मग दोरा मुठीत घेऊन घराकडे गेली.

ताइस्तो चुलीसमोर बसला होता. तिची मूठ उघडलेली पाहून त्याने विचारलंही नाही.

"ओंडका होता," तो म्हणाला.

"ओंडक्याला पिवळी लोकर असते?"

चुलीत लाकूड सरकलं.

"धुकं होतं. पण वाट पाठ आहे माझी, कुणाचं जाळं कुठे ते पाठ आहे. घोडखडकाजवळ कुणाचंच जाळं नसतं. म्हणून वेग कमी केला नाही. एकदम इंजिन अडखळलं, मग धप्प झालं. मी बंद करून हाक मारली, रायली. तीनदा मारली. कुणी ओ दिली नाही. जाळं कापलं आणि आलो."

"आणि शोधायला आले त्यांना?"

"त्याची नेहमीची जागा दाखवली. बेटामागची." त्याने तोंड फिरवलं. "आठवड्याभरात बर्फ धरेल. मग कोण विचारतंय."

रायलीला ऑगस्टमधली दुपार आठवली. तिनेच काउकोला चिडवलं होतं, घोडखडकापाशी मासळी उड्या मारतेय, आणि तू बसलायस त्याच जुन्या जागेला धरून. तो म्हणाला होता, तीस वर्षांची जागा मी सोडेन होय. तो जाणार नाही असंच तिने धरलं होतं. ताइस्तोला सांगायचंही तिला सुचलं नव्हतं.

"मी सांगितलं होतं त्याला तिथे जायला," ती म्हणाली. "आता आपण दोघांनी ऑर्वोक्कीला सांगायचं."

"पोलीस नेतील मला."

"नेतील. पण ती जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

ती परत काठावर आली. दांडा पुसला, ग्रीस लावलं, पंखा चढवला, नट आवळला, नवी पिन वाकवली. पेटीत नवं तेल भरलं. सील फाटकंच होतं, पण खडकापर्यंत जाऊन यायला पुरलं असतं. मग ती ऑर्वोक्कीच्या दारात गेली आणि मूठ उघडली.

ऑर्वोक्कीने दोरा बोटांत धरला. पीळ उलगडून पाहिला, परत घातला.

"कुठे?"

"घोडखडक. ताइस्तोच्या पंख्यात होता."

ऑर्वोक्कीने खुंटीवरचा कोट घेतला. दार उघडंच राहिलं.

त्या काठावर आल्या तेव्हा ताइस्तो होडीपाशी उभा होता. पाठ वाकवून तो एकटाच तिला ओंडक्यांवरून पाण्याकडे ढकलत होता. तिघांनी ढकलली. आज न विरलेला पापुद्रा फुटला, आणि त्याचे तुकडे होडीच्या अंगाला घासत किणकिणत राहिले. ऑर्वोक्की पुढे बसली, त्याच्याकडे पाठ करून. रायली मध्ये.

ताइस्तोने इंजिनाची दोरी हातात घेतली. ओढली मात्र नाही. उजेड पाण्यावरून निघून चालला होता, आणि लांबवर खडकाची काळी पाठ दिसत होती.

"ओढ," ऑर्वोक्की म्हणाली.