‘होय’ दाबून दाबून झिजलेलं बटण

मी एक जुना माउस आहे. शेपटीवाला, म्हणजे वायरचा. माझं उजवं बटण अजून कोरं करकरीत आहे, आणि डावं इतकं झिजलंय की बोट ठेवलं तर खळगा लागतो. मित्रांनो, हा खळगा कामाने पडला असता तर मी तो अभिमानाने मिरवला असता. पण तो पडला ‘होय, होय’ करून.

कारखान्यात माझं झाकण बसवणाऱ्या बाईने मला एकदा दाबून पाहिलं. टक् असा आवाज आला आणि तिने मला खोक्यात ठेवलं. त्या आवाजाने पुढे काय घडतं हे पाहणं तिचं काम नव्हतं. ज्यांचं होतं, त्यांनी तरी कुठे पाहिलं म्हणा.

मी आलो ते शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या घरी. ज्यांना तयार कपडे बसत नाहीत अशी माणसं तिच्याकडे येत. एक खांदा खाली असलेला घड्याळजी, पाठीला बाक आलेल्या निवृत्त शिक्षिका, एकाच हाताने बटणं लावणारा सुतार. कपडा बेतायच्या आधी ती प्रत्येकाची आकृती कॉम्प्युटरवर काढून ठेवी, आणि ती रेघ ओढायला मी. घड्याळजीचा पहिला कोट अंगावर चपखल बसला, तेव्हा तो कितीतरी वेळ आरशासमोरून हलेना. त्या दिवशी आईने मला मऊ फडक्याने पुसलं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

कॉम्प्युटर लावून देणारा दुरुस्तीवाला शहाणा होता. त्याने दोन खाती केली आणि बाबांना बजावलं, “हे मालकाचं, यात सगळे अधिकार आहेत. हे बाजूला ठेवा. रोजच्या वापराला हे साधं. नवीन काही आत घ्यायचं असेल तरच पासवर्ड मागेल.”

बाबांच्या कपाळाला आठी पडली. “ऑफिसात टाचण्यांसाठीसुद्धा साहेबाची सही लागते. आता घरातही परवानगी मागत बसायचं का?”

दुरुस्तीवाल्याची पाठ वळताच त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, आणि प्रत्येकाला सगळे अधिकार. स्वतःला, आईला, आणि शेजारच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांनाही. “आपल्या घरात कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही,” असं वर म्हणाले. मन मोठं होतं, यात वाद नाही. पण घराच्या सगळ्या कड्या काढून ठेवायच्या आणि त्याला मोठेपणा म्हणायचं, याला काय म्हणावं? मी बोललो असतो, पण माउसला तोंड नसतं.

कॉम्प्युटर बिचारा विचारायचा. नवीन काही आत शिरू लागलं की पडद्यावर चौकट उमटायची: ‘याला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?’ खाली डावीकडे होय, उजवीकडे नाही. बाबांना ती चौकट माशीसारखी वाटे. आली की हाकलायची, आणि हाकलायची सोपी रीत म्हणजे ‘होय’. काकांचं बोट तर चौकट येण्याआधीच माझ्यावर टेकलेलं असायचं. या माणसांपुढे मी हात टेकले होते.

एका दुपारी काकांना पत्त्यांचा खेळ फुकट मिळाला. चौकटीत स्पष्ट लिहिलं होतं की हा कोणी बनवला ते माहीत नाही. काकांनी वाचलंच नाही. टक्.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी नव्या कोटासाठी येऊन बसला. आईने आकृत्यांचा फोल्डर उघडला, तर सगळी नावं वेडीवाकडी झालेली आणि एकही आकृती उघडेना. इतक्या वर्षांची माणसं एका दुपारीत गेली. आई माझ्यावर हात ठेवून रडली. मला इतका संताप कधी आला नव्हता, आणि त्यातही दाबला गेलो होतो मीच.

दुरुस्तीवाला आला, बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. “याची नक्कल दुसरीकडे कुठे ठेवलीय का, ताई?”

“नाही हो,” आई म्हणाली.

“काकांचं खातं साधं असतं, तर त्या खेळाने काकांचंच वाटोळं केलं असतं. तुमच्या फोल्डरला त्याला हात लावता आला नसता.”

बाबा हळू आवाजात म्हणाले, “मी सगळ्यांना सारखं वागवलं.”

“त्या खेळालाही सारखंच वागवलंत, साहेब.”

आईने टेप उचलली आणि घड्याळजीला उभं केलं. सुतार आपण होऊन आला. शिक्षिका मात्र आता अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या पलंगापाशी जाऊन आईने निजलेल्या अंगाचं माप घेतलं, आणि टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं. घरी परतल्यावर बाबांनी कोणी न सांगता सगळ्यांची खाती साधी करून घेतली. मालकाच्या खात्याचा पासवर्ड एकट्या आईकडे राहिला.

मित्रांनो, रोजच्या कामाला साधं खातं पुरतं, अगदी भरपूर पुरतं. अधिकार काढून घेतले म्हणून कोणी लहान होत नाही. आणि चौकट आली तर निदान वाचा तरी, आम्हा मुक्या वस्तूंना सगळीकडे तुमच्या बोटामागे जावं लागतं.

परवा बाबा एकटेच बसले होते. पुन्हा चौकट आली, आणि या खेपेला तिने पासवर्ड मागितला. बाबांनी हाक मारली, “अगं, जरा येतेस?”

आई खडूने पांढरे झालेले हात पुसत आली. चष्मा लावून तिने चौकटीतलं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं. “हे कशाला हवंय, अहो?”

“बाहेरची हवा कशी आहे ते सांगतं म्हणे.”

“खिडकी उघडा,” आई म्हणाली, आणि मला हातात घेऊन उजवीकडे नेलं. इतक्या वर्षांत चौकटीच्या त्या बाजूला मला कोणी नेलंच नव्हतं. तिने ‘नाही’वर बोट दाबलं. आवाज तोच आला, टक्, आणि शिक्षिकांची नवी आकृती जिथल्या तिथे राहिली.