पेनाने लिहिलेली तारीख

चतुराबाईंना जाऊन आठ महिने झाले, तरी दुपारी चारच्या सुमारास आमच्या फाटकाची कडी वाजते. मी जाऊन बघतो, कोणी नसतं. वारा असेल. खात्रीने सांगणं मी आता सोडून दिलं आहे. एकदा सांगितलं होतं.

अमरावतीतल्या एका कॉलेजात मी छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. इंग्रजी वाचतो म्हणून गल्लीतले लोक आपापले कागद माझ्याकडे आणत, आणि मला संकोच वाटला तरी ते बरंही वाटे. शेजारचे देवमन पोस्टातून निवृत्त झालेले. चतुराबाई त्यांची पत्नी. रोज चारला त्या माझ्याकडचं पुस्तक परत करायला आणि दुसरं न्यायला यायच्या. त्यांची मुलगी संध्या अमेरिकेत. तिच्या बाळंतपणासाठी त्या डिंकाचे लाडू आणि बार्शीटाकळीच्या माहेरची मिरची घेऊन गेल्या. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला होता.

सहावा महिना लागला तेव्हा संध्याला शंका आली, आईला अजून किती दिवस राहता येईल. चतुराबाईंनी तिला गप्प केलं, व्हिडिओवर मला बोलावलं आणि पासपोर्ट फोनपुढे धरला.

"भाऊ, तुमी वाचून सांगा. नातीचं पाऊल पडलेलं पाहावं अन् मंग यावं, असं मनात हाय."

मी वाचलं. व्हिसावर दहा वर्षांनंतरची तारीख होती, ठळक, छापील. समोरच्या पानावर विमानतळावरचा शिक्का होता आणि त्याखाली कोणीतरी पेनाने घाईत लिहिलेली दुसरी तारीख. ती मला दिसली. नवं पुस्तक दाखल करताना आम्हीही शिक्का मारून खाली पेनाने नोंद करायचो. तसंच काहीतरी असेल असं वाटलं. छापलेल्यावर माझा नेहमीच जास्त विश्वास.

"खुशाल राहा," मी म्हणालो.

खरं म्हणजे व्हिसावरची तारीख फक्त एवढंच सांगते की त्या देशाच्या दारापर्यंत कधीपर्यंत जाता येईल. आत किती दिवस राहायचं हे दारावरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने ते पेनाने लिहिलं होतं: सहा महिन्यांनंतरची तारीख. ग्रंथालयात पुस्तक पन्नास वर्षं असतं, पण वाचकाला ते पंधरा दिवसांपुरतंच मिळतं. परतीची तारीख शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर असते. छत्तीस वर्षं तो शिक्का मारणाऱ्या माणसाला ही तारीख ओळखता आली नाही.

नात चालू लागली. चतुराबाई तेराव्या महिन्यात परत आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा निघाल्या, तर मुंबईच्या विमानतळावरूनच त्यांना परत पाठवलं. सात महिने जास्त राहिल्यामुळे व्हिसा रद्द झाला होता, आणि तीन वर्षं प्रवेश नव्हता. बडनेऱ्याला त्या गाडीतून उतरल्या तेव्हा हातातल्या पिशवीत नातीचा फ्रॉक होता. त्यानंतरही त्या रोज चारला यायच्या, समोरच्या खुर्चीवर बसायच्या, पुस्तक बदलून न्यायच्या. मला त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. तीन वर्षं संपायच्या आत त्या वारल्या.

परवा चारला कडी वाजली. देवमन होते. हातात दोन पासपोर्ट आणि चतुराबाईंकडे राहिलेलं माझं एक पुस्तक. त्यांना स्वतःला व्हिसा मिळाला होता. नातीकडे निघाले होते. आपला पासपोर्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि वाचायला सांगितलं.

माझा हात पुढे होईना. दुसरा पासपोर्ट चतुराबाईंचा होता. तो मी उघडला, शिक्क्याचं पान काढलं आणि बोट ठेवलं.

"ही तारीख मी तेव्हा पाहिली होती, देवमन. पाहिली आणि वाचली नाही."

त्यांनी पासपोर्ट आपल्याकडे वळवून घेतला.

"मले माईत हाय," ते म्हणाले. "तिलेबी माईत होतं. मुंबईहून दोघं येताना गाडीतच तिनं हे पान मले दाखवलं. म्हणे, भाऊले सांगू नका, थे पुस्तकं देनं बंद करून टाकतीन."

म्हणजे सगळं माहीत असून त्या रोज येऊन समोर बसत होत्या.

"आता माह्यं वाचा," देवमन म्हणाले. "अन् तिकडं पोचल्यावर शिक्क्याचा फोटो धाडतो. यावेळी पेनाचं पयले वाचजा, भगवंतराव."

मी त्यांचं पान तीनदा वाचलं. एका कोऱ्या चिठ्ठीवर 'परतीची तारीख' असं लिहिलं, पुढे जागा रिकामी सोडली आणि ती त्यांच्या पासपोर्टात घातली. पुस्तक मात्र ते टेबलावरच ठेवून गेले.

जाताना त्यांनी फाटकाची कडी नीट लावली, हे मी खिडकीतून पाहिलं. थोड्या वेळाने ती पुन्हा वाजली. मी बघायला गेलो नाही. पुस्तक उघडून शेवटच्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि समोरची खुर्ची जरा पुढे ओढून ठेवली.