सत्काराला गेलेले गाजर गवत

मित्रांनो, मी एक गाजर गवत आहे. आत्मकथेच्या रिवाजाप्रमाणे 'जुने' म्हणायची सोय नाही, कारण चार महिन्यांत आमचा जन्म आणि तेरावा दोन्ही उरकतात. घराणे मात्र जुने. परदेशी धान्याच्या पोत्यांतून आमचे पूर्वज न बोलावता या देशात उतरले. पुढे लातूरकडच्या भूकंपात गावे पडली, उरलेली माणसे नव्या वसाहतीत राहायला गेली, तेव्हा त्या ढिगाऱ्यांवर आम्ही माजलो. कुणाच्या देवघरात, कुणाच्या चुलीत. आपले पडके घर बघायला आलेली माणसे आम्हाला पाहून थुंकत. त्यांचे बरोबरच होते.

माझा जन्म लातूरचा. क्लासेसच्या गल्लीमागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे मेसचे सांडपाणी सोडतात. उष्टे वरण, साबणाचा फेस, केसांचे गुंतवळ. त्या घाणीवर मी पोसलो. आधी जमिनीला चिकटून पाने पसरली, म्हणजे शेजारी कुणी उगवायला नको. माझ्या मुळांतूनही असे काही पाझरते की दुसऱ्याचे बी नीट रुजत नाही. मग मी कमरेएवढा झालो. पाने गाजरासारखी, पण खाली गाजर नाही. माझे जे पांढरे फूल दिसते, ते एक फूल नसून बारीक फुलांचा गुच्छ असतो आणि त्याच्या पाच कोपऱ्यांत पाच बिया धरतात. अंगावर लव आहे, तिच्यात विष. शेळीसुद्धा हुंगून तोंड फिरवते. हे सांगतानाही मला स्वतःची शिसारी येते.

गल्लीच्या तोंडाशी लालमहंमद यांचे फुलांचे दुकान आहे. त्यांची बायको शहजादी हार आणि बुके बांधते. तिच्यासारखा घट्ट आणि देखणा बुके गल्लीत कुणाला जमत नाही. बुके भरगच्च दिसावा म्हणून त्यात पांढरी जिप्सीची फुले घालतात. ती नसली की लालमहंमद गुपचूप मला कापून नेत. त्यामुळे शहजादीच्या हातांना भेगा पडल्या, खाज थांबेना. डॉक्टरांनी बजावले होते, "पुन्हा हे गवत हाताळलंत, तर फुलांचं काम कायमचं सोडावं लागेल."

क्लासच्या पोरांच्या निकालाच्या दिवशी हैदराबादहून आलेली जिप्सी उन्हाने सडलेली निघाली. लालमहंमद विळा घेऊन प्लॉटमध्ये आले.

दुकानात माझा भारा पाहताच शहजादी म्हणाली, "ही घाण आणू नका म्हणलं हुतं की न्हाई?"

"आजच्या दिवस भागव. क्लासवाले दारात उभे हायेत. तू ऱ्हाऊ दे, मी बांधतो."

त्यांनी दोन बुके बांधले, दोन्ही सुटले. शहजादीने ढीग आपल्याकडे ओढला आणि बांधायला बसली.

संध्याकाळी क्लासच्या सत्कार समारंभात मी स्टेजवर होतो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सिद्धेश्वर सरांना बुके मिळाला. त्यांनी डोळे मिटून मला हुंगले आणि म्हणाले, "किती फ्रेश हाय." मग मंजुषा नावाच्या गुणवंत मुलीने मला गालाशी धरून फोटो काढला. टाळ्या वाजल्या. मित्रांनो, मेसच्या गटारात मला इतकी किळस आली नव्हती. थुंकणारी माणसे मला निदान ओळखत तरी होती.

कार्यक्रम संपल्यावर सगळे बुके त्याच प्लॉटमध्ये फेकले गेले. आठवडा झाला, मी इथे वाळत पडलो आहे.

आज सकाळी शहजादी आली. बोटे सुजून फुटलेली, मूठ मिटत नव्हती. तिने दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या आणि माझी कोवळी पिल्ले मुळासकट उपटू लागली. मागून लालमहंमद आले. "सोड, मी उपटतो," ते म्हणाले.

"तुमी उपटा. पन हार बांधनार कोन आता?"

तेही वाकून उपटू लागले.

मित्रांनो, आत्मकथा सांगणारी झाडे, किल्ले सगळे शेवटी आपले जतन करा म्हणून विनवतात. माझी विनवणी उलटी आहे. मला उपटा. फुलण्याआधी या आणि उघड्या हाताने येऊ नका. लवकर या, कारण ती दोघे तिकडे एक एक रोप उपटत आहेत आणि इकडे माझ्या वाळलेल्या फुलांतून बी गळायला लागले आहे.