पंजाबरावांच्या पावलांवर ठेवलेला गुण्या

या मित्रांनो, जवळ या. मागे बसलेल्यांनीही थोडे पुढे सरकावे, कीर्तनाला सरकतात तसे. आज तुम्हांला एका घराची कथा सांगतो. जागा चारी बाजूंनी वाकडी, आणि राहणारा माणूस डोळ्यांनी अंध. तरी ते घर कसे उभे राहिले ते ऐका.

मी एक जुना गुण्या आहे. लोखंडाच्या दोन पट्ट्या, एक दोन फुटांची, दुसरी दीड फुटाची, टोकाशी जोडून काटकोन केलेला. गवंडी भिंतीच्या कोपऱ्याला मला लावून बघतो. मी नीट बसलो तर कोपरा खरा, फट दिसली तर खोटा. दिग्रसच्या एका लोहाराने मला घडवले आणि उकंडा मिस्त्रींनी मला घेतले. घेण्याआधी त्यांनी माझ्या कडेने फरशीवर दोन रेघा ओढून पुढे वाढवल्या. एकीवर तीन फूट मोजले, दुसरीवर चार, आणि दोन्ही टोकांमधले तिरके माप पाच फूट भरते का ते पाहिले. बरोबर भरले. तेव्हा त्यांनी मला कपाळाला लावले. देवाला लावतात तसे! लोहारसुद्धा बघत राहिला.

मग तीस वर्षे आम्ही दोघे गावोगाव फिरलो. महागावात, फुलसावंगीत, आजूबाजूच्या वस्त्यांवर किती कोपरे मी जोखले, मोजदाद नाही. मिस्त्रींना कीर्तनाचे भारी वेड. कुठे कीर्तन आहे असे कळले की काम सुटताच हातापायांचे सिमेंट धुऊन ते थेट देवळात जात. थैली मांडीशी, थैलीत मी. त्यामुळे लोखंडाचा असूनही मी पुष्कळ ऐकले आहे. त्या कीर्तनांत मृदंगावर असत पंजाबराव. काय हात होता त्यांचा! बुवांच्या तोंडून शब्द निघायचा आणि तो जमिनीवर पडायच्या आत पंजाबराव थापेवर झेलायचे. थैलीतली थापी आणि ओळंबासुद्धा माझ्या अंगावर किणकिणायचे.

पुढे काचबिंदूने पंजाबरावांचे दोन्ही डोळे गेले. तरी जुन्या घरात ते कोणाचा हात न धरता वावरत. खाटेपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून देवघरापर्यंत भिंती त्यांच्या हाताच्या ओळखीच्या होत्या. मग भावांच्या वाटण्या झाल्या. घर धाकट्याकडे गेले आणि पंजाबरावांकडे आली फुलसावंगीच्या कडेची मोकळी जागा. घर बांधून होईपर्यंत बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत हलले. तिथे पाणी प्यायला उठायचे तरी सत्यभामाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हाक मारावी लागे. हळूहळू त्यांनी हाक मारणेच कमी केले. तहान लागली तरी बसून राहत. मृदंगावर कापड पडले ते पडलेच.

आता ती जागा कशी होती ते ऐका. समोर वळणाचा रस्ता, मागे नाला. एका अंगाला बावन्न फूट, दुसऱ्या अंगाला एकतीस. चारही कोपऱ्यांत मला लावून पाहिले, एकातही मी बसलो नाही. शेजारचे देवीलाल बघून म्हणाले, “ही जागा हाय का समोसा?”

पंजाबरावांचा मुलगा अमर याने तालुक्याहून नकाशा काढून आणला होता. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे मला रस्त्याच्या कडेला लावले आणि खुंट्या ठोकून दोरी ताणली. चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा मारल्या. पण फक्की पंजाबरावांना दिसणार कशी? म्हणून मिस्त्रींनी त्या रेघांवर कोरड्या विटांची एकेक रांग मांडली आणि म्हणाले, “पंजाबभाऊ, या. आपलं घर पायानं पाहून घ्या.”

सत्यभामाबाईंनी त्यांना खाटेच्या जागी उभे केले आणि हात सोडला. ते निघाले. खोल्यांमधली बोळ रस्त्याच्या कलाने तिरपी गेली होती. पंजाबराव मात्र सरळ चालले. पाय विटेला लागला, त्यांना वाटले उंबरा असेल. तो ओलांडून ते पुढे गेले आणि थांबले.

“अवं, चूल कुठं हाय?” त्यांनी विचारले.

देवीलाल हसले. “चूल कायची भाऊ, दोन पावलं गेले तर नाल्यात पडसान!”

पंजाबरावही हसले. मग हसू सरले. हळूच म्हणाले, “मिस्त्री, मी घराच्या बाहेर आलो का?”

अमर धावत गेला. “बाबा, फिकर नोका करू. मी हात धरत जाईन ना.”

“तू वावरात जाशील, तुही माय बाजारात जाईन. तवा कोनाचा धरू?” पंजाबराव म्हणाले. “मले एवढंच सांगा, नव्या घरात मी एकटा चालन का नाही?”

मित्रांनो, मी लाजलो. माझा काटकोन चोख होता, तरी त्या माणसाला मी भिंतीबाहेर काढले होते.

उकंडा मिस्त्री उठले. त्यांनी सगळ्या खुंट्या उपटल्या, विटा बाजूला सारल्या. मग पंजाबरावांना पुन्हा खाटेच्या जागी नेले. “भाऊ, चाला. मृदंग गळ्यात घेऊन देवळात येत होते, तसे चाला.”

पंजाबराव चालू लागले. मिस्त्री वाकून त्यांच्या मागोमाग फक्की सोडत गेले. तीन वेळा त्यांना चालवले. तिन्ही रेघा जवळपास एकीवर एक पडल्या. बावीस पावलांची ती वाट ना रस्त्याला धरून होती, ना नाल्याला. मिस्त्रींनी त्या रेघेवर मला ठेवले.

अमर गडबडला. “मिस्त्रीकाका, घर रोडले तिरपं दिसन!”

“रोड काय तुह्या घरात राह्यते का?” मिस्त्री म्हणाले. “राहनाऱ्याले सरळ असलं म्हंजे झालं.”

मग त्या वाटेच्या उजव्या हाताला एक सलग भिंत आली. खाटेपासून न्हाणीपर्यंत एकही वळण नाही, पायरी नाही. दारे सगळी आत उघडणारी आणि डाव्या हाताला. जागेचे जे वाकडेपण होते ते मिस्त्रींनी कडेला सारले. एका तिरप्या कोपऱ्यात तुरीच्या पोत्यांची खोली बसवली. रस्त्याकडच्या पाचरीत ओटा केला, भजनाला दहा माणसे मांडी घालून बसतील एवढा. तीस वर्षांत मी एवढी देखणी आखणी पाहिली नाही. मुद्दाम सांगतो, नकाशातली एकही खोली वाया गेली नाही.

घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारे न्यायला आले होते. सत्यभामाबाई चहा गाळत होत्या. तेवढ्यात खाट वाजली. त्या सवयीने अर्ध्या उठल्या. मिस्त्रींनी बोटाने खूण केली, बसा. पंजाबरावांची उजव्या हाताची बोटे भिंतीवरून सरसरत पुढे गेली. न्हाणीत पाण्याचा आवाज झाला. मग पावले परत आली आणि दारात थांबली.

“च्या झाला का व?” ते म्हणाले.

“झाला, अजी,” सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत त्यांनी कप जागेवरच ठेवला. तो घ्यायला ते स्वतः चालत आले.

आता माझ्या पट्ट्यांवर गंज चढतो आहे. कोपरे जोखायला लाल उजेडाची यंत्रे आली आहेत. ती चांगली आहेत, माझी काही तक्रार नाही. घरातल्या जुन्या हत्याराला कधी तेलाचे बोट लावले तर बरे वाटेल, एवढेच. पण मित्रांनो, माझी खरी विनंती वेगळी आहे. त्या घराच्या पाटीवर पंजाबरावांचे नाव आहे, अमरचे आहे. उकंडा मिस्त्रींचे कुठेच नाही. मागच्या माघात ते देवाघरी गेले. तुम्ही फुलसावंगीहून जाल तेव्हा रस्त्याला तिरपे उभे असलेले एक घर दिसेल. ओट्यावर पंजाबरावांचा मृदंग पुन्हा वाजत असेल. त्या वेळी थोडे थांबा, हात जोडा, आणि उकंडा मिस्त्रींची आठवण काढा.