गटाराचे पाणी आणणारी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. माझ्या गळ्यात दोरी आहे आणि बुडाला शिसे. तिबिलिसी शहरातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी नदीतून घाण पाणी काढते. हो, घाणच! जिथे जिवाणू असतात, तिथे त्यांना खाणारे विषाणूही असतात. त्यांना फाज म्हणतात. माणसाला ते काही करत नाहीत, म्हणून चिघळलेल्या जखमांवर औषध म्हणून ते वापरत.

मग प्रतिजैविके, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या गोळ्या-इंजेक्शने आली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. मात्र जिवाणू त्या औषधांना सरावत गेले. नवे प्रतिजैविक बनवायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि तेही थोड्याच काळात निकामी होते. म्हणून कंपन्या त्यात हात घालायला कचरतात.

एके दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख एतेरीबाईंनी मला खाली काढले. रोटीच्या भट्टीवाल्या ओतारच्या पावलाची जखम चिघळली होती. बारीकसारीक दुखण्यावर मनानेच प्रतिजैविकांच्या गोळ्या घेण्याची त्याला सवय. आता एकही औषध लागू पडेना. दहा दिवसांनी पाऊल कापायचे ठरले होते.

"बाई, चवड्यांवर उभं राहून, कमरेपर्यंत भट्टीत वाकून मी रोट्या लावतो," तो म्हणाला. "पाय गेला तर रोटीबरोबर मीही भाजून निघेन!"

हसला तो एकटाच.

नुकतीच रुजू झालेली खातुना मला घेऊन निघाली, आणि थेट शहराच्या वरच्या अंगाला जाऊन नितळ पाणी घेऊन आली.

"हे काय गं? चहा टाकायचाय का?" एतेरीबाई म्हणाल्या.

"स्वच्छ पाणी बरं, असं वाटलं, बाई..."

"अगं, तिथे आपलं कोण राहतंय? रुग्णालयाच्या गटारापाशी जा!"

खातुना लाजली, पण हटली नाही. रोज नाक दाबून ती मला गटारात सोडायची. पाणी गाळून, ओतारच्या जखमेतून घेऊन काचेच्या ताटलीत वाढवलेल्या जिवाणूंच्या थरावर त्याचे थेंब टाकायची. चार दिवस काहीच नाही. पाचव्या सकाळी त्या धुरकट थरात टाचणीच्या डोक्याएवढा एक स्वच्छ ठिपका दिसला. तेवढ्यातले जिवाणू कोणीतरी खाल्ले होते!

"बाई, सापडला!" खातुना ओरडली.

फाज वाढवून, शुद्ध करून जखमेवर सोडले. दोन बोटे गेली; पाऊल वाचले. वसंतात ओतार गरम रोटी घेऊन आला, आपल्या पायांनी चालत.

मित्रांनो, फाज दर वेळी सापडतोच असे नाही. म्हणून आहेत ती औषधे जपा. मनाने घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलेली अर्धवट सोडू नका. आणि मला शोभेच्या कपाटात ठेवू नका. माझी दोरी तेवढी बदला. उद्या पुन्हा गटारावर जायचे आहे.